डोळ्याचं पायताण

मला भलत्या वेळी हसू येतं. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आलं. चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला आलं, कारण सगळे हात जोडून कावळ्याची वाट बघत होते आणि कावळा पिंडाकडं ढुंकूनही न बघता गुरुजींच्या चपलेवर जाऊन बसला. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा आलं. तरी नोकरी मिळाली, हे विशेष. शिरूरच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक कारखाना आहे, तिथल्या स्टोअरच्या खिडकीत मी बसते. हातमोजे, बूट, कानातली बुचं, डोळ्यांवरचे चष्मे, जे जे कामगाराच्या अंगावर चढायचं ते माझ्या खिडकीतून जातं.

ही आठवण त्यातल्या चष्म्यांची, आणि तिची सुरुवात एका पाटीनं झाली.

सेफ्टीचे नवे साहेब पुण्याहून आले. वयानं माझ्याहून लहान, शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकणारी, आणि रागावले तरी आधी 'कृपया' म्हणणारे. त्यांनी ग्राइंडिंगच्या शेडवर लाल अक्षरांत पाटी लावली, 'गॉगल घातल्याशिवाय आत येऊ नये.' त्यांच्या लेखी विषय संपला. पण आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात गॉगल हा शब्द इतका साधा नाही. गॉगल नवरदेव घालतो, आभाळ भरून आलेलं असलं तरी घालतो. पुढाऱ्याच्या गाडीतून मागच्या दारानं उतरणारा घालतो. तरण्या पोरानं घातला तर 'लय हवा झाली' म्हणतात, आणि पन्नाशीच्या माणसानं घातला तर याचे डोळे आले असणार म्हणून चार हात लांब उभे राहतात.

त्या दिवशी शेडमध्ये नुसता धिंगाणा. जो तो चष्मा चढवायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "वरात कुठं निघाली?" बिहारहून आलेला एक वेल्डर खिडकीशी येऊन हात जोडून म्हणाला, "दीदी, एक काला वाला दो ना, घर पे फोटो भेजना है." मी इतकी हसले की हातमोज्यांच्या एका जोडीत दोन्ही डाव्या हाताचे देऊन बसले. ते परत आले तेव्हा आणखी हसले.

आबा तेवढे हसले नाहीत.

आबा म्हणजे आमच्याकडचे ग्राइंडिंगचे सगळ्यात जुने कारागीर. गाव राहू, वय पन्नाशीच्या पुढं, डोक्यावर पांढरी टोपी. वेल्डिंगचा सांधा घासून ते असा करतात की हात फिरवला तर जोड कुठं होता ते सापडत नाही. घासताना मधेच थांबून अंगठा फिरवतात, कान देऊन ऐकतात, आणि पुन्हा चालू. डोळ्यांवर त्यांची फारशी भिस्त नाही, आणि त्याला कारण आहे. लहानपणी उसाचं पाचट काढताना पातं डोळ्यात गेलं आणि डावा डोळा कायमचा गेला. उरला उजवा. त्या एका उजव्यावर त्यांनी शेती केली, दोन मुली उजवल्या आणि इतकी वर्षं ग्राइंडर चालवला.

त्यांची-माझी ओळख बसमधली. मी खुटबावची. कंपनीची बस चौफुल्यावरून निघते, पारगावला भीमा ओलांडते आणि न्हावऱ्यावरून शिरूरकडं येते. आबा राहूवरून मोपेडवर पारगावला येतात, ती एका दुकानामागं लावतात आणि माझ्या शेजारी येऊन बसतात. पिशवीत हंगामाप्रमाणं पेरू, ओल्या शेंगा, कधी गुळाचा खडा. गुळाच्या दिवशी मी खिडकीची जागासुद्धा त्यांना देते.

बसमध्येच त्यांनी मला गॉगलचा किस्सा सांगितला होता. लग्नाचे झाले तेव्हा डोळा दिसू नये म्हणून त्यांच्या मामांनी हौसेनं काळा गॉगल घेऊन दिला. मुलीच्या घरी, पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत, आबा गॉगल लावून बसले. पोहे आले असं समजून त्यांनी सुपारीच्या तबकात हात घातला आणि मूठभर सुपारी तोंडात टाकली. लाजेनं थुंकताही येईना. मुलीकडून नकार आला तो डोळ्यासाठी नव्हे, 'पोरगा लय गॉगलबाज हाय' म्हणून. पुढं दोन वर्षं गावानं त्यांना 'गॉगल' याच नावानं हाक मारली. मग वरवंडला दुसरी मुलगी बघायला गेले. मामा ऐकणारे नव्हतेच, पुन्हा तोच गॉगल. पण ती मुलगी चहा घेऊन उंबऱ्यातच थांबली आणि बापाला म्हणाली, "आदी त्यान्ला त्यो गॉगल काढाय सांगा, मग म्या म्होरं येती." आबांनी काढला. तिनं बघून घेतलं आणि चहा दिला. तीच त्यांची बायको. परत येताना आबांनी तो गॉगल रस्त्यातल्या पहिल्या विहिरीत टाकला, आणि लग्नानंतर तिला सांगून टाकलं की आता जन्मात डोळ्याला लावणार नाही.

तेव्हा पाटीवरच्या त्या एका शब्दानं आबांचा पापड मोडला. चष्मा त्यांनी घेतला, पण चढवला टोपीवर. साहेब दिसले की खाली ओढायचा, साहेबांची पाठ वळली की वर. टोपीलाच डोळे फुटलेत असं वाटायचं. साहेबांनी एकदा पकडलं, समज दिली. दुसऱ्यांदा पकडलं तेव्हा लेखी तंबीचा कागद दिला. तिसऱ्यांदा सापडले तर ग्राइंडर काढून घेणार आणि नट-बोल्ट निवडायच्या टेबलावर बसवणार.

त्या संध्याकाळी बसमध्ये आबांनी पिशवी उघडलीच नाही. भीमेच्या पुलावर म्हणाले, "नट-बोल्ट निवडायचे म्हंजी तांदळातले खडेच की, ताई. हातातलं काम गेलं तर मानसानं सकाळी उठायचं कशाला?"

मला भीती वेगळीच वाटत होती. ग्राइंडर काढून घेतला तर आबा कोमेजणार हे दिसत होतं. आणि नाही काढून घेतला तर रोज ठिणग्यांसमोर तो एकटा उजवा डोळा उघडा. मी म्हटलं, "आबा, आहे त्या एका डोळ्यासाठी तरी लावा की." त्यांनी टोपी सारखी केली आणि पारगावला उतरले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेले आणि नको ते कबूल करून आले. म्हटलं, आबांना चष्मा घालायला लावणं माझ्याकडं लागलं. साहेब म्हणाले, "ताई, सवयीचा प्रश्न आहे. कृपया समजावून सांगा. पंधरा दिवस थांबतो."

समजावायचं तर आधी आपण घालून बघावा, म्हणून एक दिवस मी स्वतः तो चष्मा लावून काम केलं. इतकी वर्षं शेकड्यानं वाटले होते, पण स्वतःच्या नाकावर कधी ठेवला नव्हता. खाली वाकले की तो नाकावरून घसरून थेट खोक्यात. वर ढकलला की पापण्यांना घासतो. तासाभरात कानामागं अशी रग लागली की जणू कुणी शिक्षा म्हणून कान धरलाय. आणि शेडमधले लोक धुळीसाठी नाकाला टॉवेल बांधतात तसा मी पदर बांधला, तर श्वास वर जाऊन काचा पांढऱ्या. त्या धुक्यातून मला साहेब येताना दिसले. मी अदबीनं "गुड मॉर्निंग सर" म्हटलं. ते पाण्याचं पिंप होतं. साहेब माझ्या मागं उभे होते.

बसमध्ये हे सांगितलं तेव्हा आबा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. टोपी काढून डोळा पुसला आणि मग हळूच म्हणाले, "तुमाला दोन हायेत, ताई. एकावर वाफ धरली तर दुसरा हाय. माझ्या एकावर धरली की मी पुरता आंधळा. हातात ग्राइंडर फिरतोय आन् म्होरं समदं पांढरं. मग वर सारू न्हाई तर काय करू?"

मी समजत होते हा माणूस एका शब्दासाठी अडून बसलाय. शब्दाचा राग होताच, पण त्याच्याआड ही भीती होती, आणि ती त्यांनी साहेबांना सांगितली नव्हती. एका डोळ्याच्या माणसानं ग्राइंडर चालवू नये असं कुणी म्हणेल, म्हणून. माझी मलाच लाज वाटली.

"आन् त्याला गॉगल म्हनू नगा," आबा पुढं म्हणाले. "पायात काटा मोडू नये म्हनून पायताण घालतो का न्हाई? तसं हे डोळ्याचं पायताण."

डोळ्याचं पायताण! मी एवढ्यानं हसले की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून काय झालं विचारलं, तिला सांगितलं, तीही हसायला लागली, आणि पारगाव येईपर्यंत अर्धी बस पायताण पायताण करत होती. आबा मात्र गंभीर. उतरता उतरता म्हणाले, "हसताय, पर पायताण घेताना दुकानदार नंबर इचारतो. चालून बगा म्हनतो. तुमच्या खिडकीत कवा कुनी इचारलं?"

खरंच की. बुटाला मी रोज विचारते, सात का आठ, अंगठा टेकतोय का. आणि चष्मा? सगळ्यांना एकच, प्रसाद वाटावा तसा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शिरूरच्या बाजारपेठेत एका चष्मेवाल्यांकडं गेले. म्हातारे गृहस्थ, दुकान रिकामं, आणि कुणीतरी विचारतंय याचाच त्यांना आनंद. त्यांनी मला तीन जागा दाखवल्या: नाक, गाल आणि कानामागचा खड्डा. "चष्मा नाकानं धरला असं लोकांना वाटतं," ते म्हणाले, "पण त्याला खरं धरतो कान." काडीचं टोक गरम पाण्यात धरून, कान जिथं संपतो तिथंच कसं वळवायचं ते त्यांनी तीनदा करून दाखवलं. काचेला मात्र हात लावायचा नाही. नाक-गालाचं माप तर फ्रेमचंच असावं लागतं, ते वाकवून येत नाही.

साहेब मनाचे चांगले निघाले. मी पिंपाची गोष्ट स्वतःच पुन्हा सांगितली, आबांचं नाव न घेता वाफेची गोष्ट सांगितली, आणि म्हटलं, तुम्हीच एक तास घालून बघा. त्यांनी घातला. तासानं आले ते कान चोळत. लगेच फोन उचलला आणि वेगवेगळ्या मापांचे नमुने मागवले, नाकाशी मऊ रबर असलेले, कडेला हवा खेळायला फटी असलेले. काड्या वळवायलाही त्यांनी परवानगी दिली, प्रत्येक चष्मा आधी त्यांना दाखवायचा या अटीवर.

नमुने आले आणि माझ्या खिडकीचं पायताणाचं दुकान झालं. परीक्षा मी ठरवली. चष्मा घालायचा, कमरेत वाकायचं, मान खाली घालून जोरजोरात 'नाही नाही' करायचं. हलला तर दुसरं माप. पहिले दोघं लाजले, मग सगळ्यांनाच चेव आला. तीस-चाळीस माणसं शेडच्या तोंडाशी वाकून माना हलवताहेत, कुणी घुमल्यासारखा आवाज काढतंय, आणि नेमके त्याच वेळी साहेब पाहुण्यांना कारखाना दाखवत आले. पाहुणे जागच्या जागी थांबले. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "यांच्या अंगात आलंय का?" साहेब माझ्याकडं बघताहेत, मला हसण्यानं बोलता येत नाही. शेवटी तो बिहारचा वेल्डरच पुढं झाला आणि म्हणाला, "कुछ नहीं साहब, चप्पल का नाप ले रहे हैं." त्यानं खुलासा काही झाला नाही.

आबा सगळ्यात शेवटी आले. पंधरा दिवसांतला तेरावा होता. मोठं माप घातलं तर गालाशी बोट जाईल एवढी फट. मधलं घातलं तर वाकल्यावर घसरलं. आबांचं नाक अगदी बारीक, आणि डावा कान उजव्यापेक्षा थोडा वर, हे इतक्या वर्षांच्या शेजारात माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग मी निळ्या कडेचं सगळ्यात लहान माप काढलं. त्याच्या खोक्यावर 'महिलांसाठी' छापलेलं होतं. ते खोकं मी पायानं टेबलाखाली सारलं.

काड्या एकेका कानाप्रमाणं वेगवेगळ्या वळवल्या, साहेबांनी स्वतः बघून मान डोलावली. टॉवेलची वरची कड नाकावर न ठेवता चष्म्याच्या खालच्या काठात खोचली, म्हणजे श्वास वर जायला वाट राहिली नाही. आबा वाकले, 'नाही नाही' केलं. चष्मा जागचा हलला नाही. मग ते सरळ उभे राहिले आणि टॉवेलाआडून मोठ्यानं 'हाऽऽ' करून श्वास सोडला. आम्ही सगळे त्यांच्या काचेकडं बघत होतो. पुन्हा 'हाऽऽ'. काच स्वच्छ.

"ताई," ते म्हणाले, "हे घातलंय का काढलंय?"

मला नाचावंसं वाटलं. दोन पावलं नाचलेही, साहेबांसमोर.

पण खरी मजा संध्याकाळी झाली. आबा बसमध्ये आले, शेजारी बसले, पेरू दिला आणि न्हावऱ्याच्या आधीच झोपले. चष्मा डोळ्यांवर तसाच. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुढच्या-मागच्यांना खुणा केल्या, आणि सगळी बस मुकाट बसली. पारगाव आलं, आबा दचकून उठले, उतरले, मोपेडला लाथ मारली आणि निळ्या कडेचा चष्मा लावून राहूच्या रस्त्याला लागले. एवढं पुण्याचं काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

सकाळी बसमध्ये चढले ते मला बोट दाखवतच. "तुमाला दिसत हुतं, आन् बोलला न्हाई!" काल संध्याकाळी गावात शिरल्यापासून लोक रामराम करताना अंमळ जास्तच वाकत होते, आणि पारावरच्या एकानं तर जुनं नाव काढून "काय गॉगल, वरात कुठं?" म्हटलं, तरी आबांना कळेना की आज सगळ्यांना झालंय काय. दारात बायको भाकरी थापायची परात घेऊन उभी. ती बघतच राहिली.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

आबा चक्क लाजले. "म्हनली, आता कुनाला बगाय निगाला? म्या काढाय गेलो तर म्हनली, ऱ्हाऊ द्या. बरं दिसतंय."

त्यानंतर चष्मा पुन्हा टोपीवर गेला नाही. साहेबांनी तो कागद आबांच्या समोरच फाडला. आणि 'कृपया आपापल्या मापाचं डोळ्याचं पायताण घालूनच आत यावे' अशी नवी पाटी लावली. पाहुणे आले की ती वाचून गोंधळतात.

काही आठवडे असेच गेले. मग एका दुपारी आबा खिडकीशी आले, जरा वैतागलेले. चष्मा काढून माझ्यापुढं ठेवला.

"ताई, हे बदलून द्या. काचंवर डाग पडलाय, काय बी केलं तरी निघंना. टॉवेलानं पुसला, साबन लावला. सारखा डोळ्याम्होरं येतोय बगा."

मी ओल्या फडक्यानं पुसलं. काळा ठिपका तसाच. नखानं खरवडलं, तर नख अडकलं. डाग नव्हता तो. काचेत खड्डा पडला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, आत काळं काहीतरी रुतून बसलेलं. ग्राइंडरच्या चाकाचा तुकडा.

"आबा, काही उडालं होतं का?"

"काल चाकाची कड तुटली हुती. टिक् असं काईतरी वाजलं. मला वाटलं पत्र्यावर बसलं."

मी तो चष्मा त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. धरायची गरज नव्हती, कुठली बाजू ते मला नख अडकलं तेव्हाच कळलं होतं. ठिपका उजव्या काचेत होता, बरोब्बर मधोमध.

आबांनीही बघितलं. अंगठा पुढं केला आणि वेल्डिंगच्या सांध्यावरून फिरवतात तसा त्या खड्ड्यावरून फिरवला.

मला हसू आलं. भलत्या वेळी येतं तसंच आलं, पण मधेच कुठंतरी त्याला पाणी सुटलं आणि ते थांबेना. मी वळून निळ्या कडेचा नवा चष्मा काढला, काड्या वळवायला गरम पाणी घेतलं, आणि अर्धं पाणी टेबलावर सांडलं. जुना चष्मा जमा करून घ्यायचा असा नियम आहे. आबांनी तो खिशात घातला. "हिला दावतो," म्हणाले. मी नियमाचं नाव काढलं नाही.

त्यांनी नवा चष्मा घातला, वाकून 'नाही नाही' केलं, आणि सरळ होऊन खिडकीतून माझ्याकडं निरखून बघितलं.

"आता साफ दिसतंय," आबा म्हणाले. "पर ताई, तुमी हसताय का रडताय?"